वऱ्हाडकन्या ताराबाई शिंदे

विदर्भाच्या भूमीला थोर स्त्रियांची परंपरा आहे. पुराणांतरी ज्यांचा महिमा गाइला गेला त्या लोपामुद्रा, दमयंती आणि रुक्मिणी या तिघीही विदर्भकन्या होत. इतिहासकाळात याच भूमीतील सिंदखेडराजा येथे १५९८ साली जिजाऊसाहेबांचा जन्म झाला आणि महाराष्ट्राचे भाग्य उजळले. ज्या बुलढाणा जिल्ह्यात जिजाऊंचे माहेर, त्याच जिल्ह्याने एकोणिसाव्या शतकात आणखी एक तेजस्विनी दिली. तिच्या हाती राज्य नव्हते आणि तलवारही नव्हती. तिच्या हाती लेखणी तेवढी होती. ती लेखणी तिने आयुष्यात एकदाच चालविली. पण अशी चालविली की, तिचा ओरखडा आजही पुसला गेलेला नाही. ‘स्त्रीपुरुषतुलना’ या ग्रंथाच्या कर्त्या ताराबाई शिंदे त्या ह्याच होत.

आपल्या वार्षिक स्मरणिकेत राजे, सरदार, सेनानी आणि दानशूर यांची चरित्रे नेहमीच येतात आणि ती यावीतही. परंतु मराठा कुळात जन्मलेल्या एका स्त्रीने सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी आपल्याच घरादाराला जे प्रश्न विचारले, त्यांचीही आठवण अधूनमधून व्हावी, एवढ्यासाठी हा अल्प चरित्रलेख ज्ञातिबंधु-भगिनींच्या सेवेस सादर करीत आहोत.

ताराबाईंचा जन्म इ. स. १८५० च्या सुमारास बुलढाणे येथे झाला. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहान्वये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला होता आणि नव्या राजवटीबरोबर कोर्टकचेऱ्या, छापील कागद आणि नवे विचार या डोंगरमाथ्यावरच्या लहानशा गावापर्यंत पोहोचू लागले होते. बापूजी हे नव्या विचारांचे गृहस्थ होते. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या समाजाशी बापूजींचा संबंध होता. सुशिक्षित देशबांधवांस उद्देशून १८७१ साली त्यांनी एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली होती. म्हणजे लेखन-वाचन या घरात परके नव्हते.

बापूजींना चार पुत्र आणि ताराबाई ही एकुलती एक कन्या. त्या काळी आसपास मुलींची शाळा नव्हती. असती तरी कुलीन म्हणविणाऱ्या मराठा घरातील मुलीस तेथे धाडण्याचा धीर किती पित्यांना झाला असता, हा प्रश्नच आहे. गोशा हीच ज्या घराण्यांच्या प्रतिष्ठेची खूण, तेथे मुलीच्या हाती पाटीपेन्सिल येणे म्हणजे जगबुडी मानली जाई. बापूजींनी लोकांच्या जिभेची पर्वा केली नाही. त्यांनी कन्येला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले. शाळेचा उंबरठा न ओलांडता ही मुलगी पुराणे, काव्ये, कादंबऱ्या, नाटके आणि वर्तमानपत्रे वाचू लागली. पुढे तिने जे लिहिले, त्याचे बीज या घरगुती शाळेत रुजले, यात शंका नाही.

रीतीप्रमाणे ताराबाईंचा विवाह लवकर झाला. मात्र वडिलांनी जावयास घरीच ठेवून घेतले. त्यामुळे सासुरवासाचे जोखड त्यांच्या मानेवर इतरांइतके पडले नाही आणि वाचनात खंड पडला नाही. त्यांना अपत्य नव्हते. त्यांच्या संसाराविषयी याहून अधिक लिहिण्याचे कारण नाही; कारण त्यांचे खरे चरित्र त्यांच्या ग्रंथात आहे.

हा ग्रंथ का लिहिला गेला, हे समजण्यासाठी सुरतेच्या एका दुर्दैवी प्रकरणाकडे वळले पाहिजे. १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाची हत्या केल्याचा खटला चालला. लोकलज्जेच्या भयाने तिच्या हातून ते कृत्य घडले होते. सुरतेच्या न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा दिली. वर अपील झाल्यावर ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आली आणि पुढे सरकारने ती आणखी कमी केली. या खटल्याने वर्तमानपत्रांत मोठी धामधूम उडाली. पुण्याच्या ‘पुणेवैभव’ पत्राने या निमित्ताने सगळ्या स्त्रीजातीवरच दुराचरणाचा ठपका ठेवला. त्या विधवेच्या आयुष्यात कोणी एक पुरुष होता, हे मात्र जणू कोणाच्या ध्यानीच आले नाही. त्याच्यावर खटला नव्हता, त्याला शिक्षा नव्हती, त्याचे नावही कोणी घेत नव्हते.

बुलढाण्यास बसून हे सारे वाचणाऱ्या ताराबाईंचे अंतःकरण पेटून उठले. एका स्त्रीच्या अपराधाचे खापर सगळ्या स्त्रियांच्या माथी फोडावयाचे असेल, तर मग पुरुषांच्या अपराधांचा हिशेब कोणी मांडावयाचा? तो हिशेब त्यांनी स्वतःच मांडण्याचे ठरविले. १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध छापून प्रसिद्ध झाला. प्रती पाचशे आणि किंमत नऊ आणे. स्त्रिया व पुरुष या दोहोंत खरा साहसी कोण हे स्पष्ट करून दाखविणे, हा आपला हेतू त्यांनी ग्रंथाच्या नावातच जाहीर करून टाकला. येथे साहस म्हणजे पराक्रम नव्हे. पुढचामागचा विचार न करता केलेले अविचारी कृत्य होय. हा दोष स्त्रीच्या अंगी मुरलेला आहे, असे जुनी वचने सांगत होती. ताराबाईंनी ते वचन उलटे करून पुरुषांपुढे आरशासारखे धरले.

ग्रंथाची मांडणी वकिलाच्या युक्तिवादासारखी आहे. स्त्रियांच्या निंदेचा एक प्रसिद्ध संस्कृत श्लोक त्यांनी पुढे घेतला. स्त्री ही संशयाचा भोवरा, उद्धटपणाचे घर, साहसाचे नगर, दोषांचा साठा, कपटाची खाण, असे एकामागून एक आरोप त्यात आहेत. ताराबाई एकेक आरोप हाती घेतात आणि विचारतात की, हा दोष पुरुषात आहे की नाही, आणि असल्यास कोणात अधिक? स्त्री संशयी म्हणावी, तर जिचे सारे आयुष्य चार भिंतींत गेले, जिला बाहेरचे जग दाखविले नाही आणि अक्षरओळख करून दिली नाही, तिच्या मनात शंका उपजल्या तर त्यात नवल ते काय? तिच्या कपटाची धाव घराच्या उंबरठ्यापर्यंत. पण खोटे दस्तऐवज करणारे, लाच खाणारे, खजिने लुटणारे, राज्ये बुडविणारे कोण? तुरुंग कोणी भरले आहेत? ही मोजदाद करून पाहिली की, दोषांचे पारडे कोणीकडे झुकते हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही.

पातिव्रत्याच्या धर्माचीही त्यांनी अशीच चिकित्सा केली. पतीला देव मानावे हे त्यांना सर्वस्वी अमान्य होते असे नव्हे. त्यांचे म्हणणे एवढेच की, देवपण हवे असेल तर वर्तनही देवासारखे पाहिजे. भक्ताच्या सुखदुःखाची ज्याला दाद नाही, जो दारूच्या धुंदीत घरी येऊन हात उगारतो, जो बाहेर वाटेल तसे वागून घरात मात्र सतीसावित्रीची अपेक्षा करतो, त्याचे देवपण कोणत्या शास्त्राने सिद्ध होते? सावित्रीने यमाच्या दारी जाऊन पतीचे प्राण परत आणले. पण पत्नीसाठी त्या वाटेने गेलेला पती पुराणात कोठे आहे? धर्म जर खरा असेल, तर तो दोघांनाही सारखाच बांधील असला पाहिजे. एकासाठी मोकळे रान आणि दुसऱ्यासाठी बेडी, याला धर्म म्हणता येत नाही.

सर्वांत जिव्हाळ्याने त्यांनी लिहिले ते विधवांविषयी. नवरा मेला की बायकोचे केस गेले, कुंकू गेले, दागिने गेले, शुभकार्यातील जागा गेली. बायको मेली की नवऱ्याचे मात्र काहीच जात नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी नव्या वधूचा शोध सुरू होतो. मरण दोघांच्याही घरी सारखेच येते, मग शिक्षा एकालाच का? याच ओघात त्यांनी पैशाच्या लोभाने दहा-अकरा वर्षांची पोर म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणाऱ्या बापांनाही सोडले नाही. पुरुषाला मनासारखी बायको हवी असते. तर मनासारखा नवरा हवा असे स्त्रीला वाटले, तर त्यात पाप कोणते, असा त्यांचा साधा सवाल होता.

या ठिकाणी आपल्या ज्ञातीच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शेतकरी कुळांत पाट किंवा मोहतूर लावण्याची रीत पूर्वापार होती. विधवेला पुन्हा संसार थाटता येई. परंतु एखाद्या घराण्याची पत वाढली, वतन आले, नोकरी लागली की, ते घराणे पहिल्याने पाट बंद करी आणि बायकांना पडद्यात बसवी. कुलीनपणाची किंमत अशी घरच्या स्त्रियांकडून वसूल केली जाई. पुनर्विवाहाची बंदी ही वरच्या जातींतून इतर जातींत एखाद्या साथीच्या रोगाप्रमाणे पसरली, हे ताराबाईंनी ओळखले होते. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, सुधारकांनी व्याख्याने झोडली. पण घरोघर काय बदलले? भाषणात सुधारक आणि घरात मनूचे अवतार, अशा विद्वानांवर त्यांनी कोरडे ओढले आहेत. पुरुष विलायती कपडे घालतो, विलायती खाणेपिणे शिकतो, देशी कारागीर उपाशी मरतो याची त्याला खंत नाही. मात्र घरातील बाईने जुन्या चालीरीतींपासून तसूभरही ढळू नये अशी त्याची इच्छा. ही विसंगती त्यांच्या नजरेतून सुटली नाही.

साहित्यालाही त्यांनी मोकळे सोडले नाही. स्त्रियांच्या लबाडीच्या कथा रंगवून सांगणारी ‘स्त्रीचरित्र’सारखी पुस्तके आणि ‘मुक्तामाला’, ‘मनोरमा’ यांसारख्या त्या काळच्या लोकप्रिय कृती त्यांनी वाचल्या होत्या. पुरुषांनी लिहिलेल्या या पुस्तकांत स्त्रीची जी चित्रे येतात, ती कितपत खरी, हा प्रश्न त्यांनी केला. मराठीत साहित्याची अशी परीक्षा स्त्रीच्या दृष्टीने त्यापूर्वी क्वचितच झाली असेल.

युरोपात मेरी वुलस्टनक्राफ्ट या विदुषीने १७९२ साली स्त्रियांच्या हक्कांची कैफियत मांडली. स्त्री ही विचारशील प्राणी आहे, तिचे दुबळेपण निसर्गाचे नसून शिक्षणाच्या अभावाचे फळ आहे, असे तिचे प्रतिपादन होते. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६९ साली स्त्रियांच्या दास्यावर ग्रंथ लिहिला आणि ज्याला आपण स्त्रीस्वभाव म्हणतो तो बव्हंशी कृत्रिम आहे, असे दाखविले. ताराबाईंचा सिद्धांत याच जातीचा आहे. पण त्यांची साधने सर्वस्वी आपल्या मातीतली होती. पुराणातील कथा, वर्तमानपत्रातील मजकूर, माजघरातील अनुभव आणि वऱ्हाडातील बायकांच्या तोंडची खणखणीत बोली यांवर त्यांचा सारा युक्तिवाद उभा आहे. दोष स्त्रीच्या स्वभावात नाही, तिला ज्या स्थितीत कोंडले त्या स्थितीत आहे. म्हणून स्थिती बदला आणि मग तुलना करा, हे त्यांच्या ग्रंथाचे सार होय.

मराठी देशात त्यांच्या आधी या वाटेने कोणी गेलेच नव्हते असे नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्याच शाळेतील मुक्ता या मातंग कन्येने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखांवर निबंध लिहिला. विधवांच्या अर्भकांचे प्राण वाचावे म्हणून फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्याचा विचार केला म्हणजे सुरतेच्या विजयालक्ष्मीचे दुर्दैव अधिकच बोचते. असा एक आसरा तिला मिळता, तर ना बालक जाते, ना आई. ताराबाईंचा ग्रंथ निघाला त्याच १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांचे ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तकही त्याच साली प्रसिद्ध झाले. त्यात रमाबाईंनी स्त्रियांना विद्या आणि सद्गुण मिळवून स्वतःची उन्नती करण्याचा उपदेश केला. ताराबाईंनी उपदेशाचा रोख फिरविला. स्त्रियांना पुष्कळ उपदेश झाला, आता थोडा पुरुषांनी ऐकावा, हा त्यांचा पवित्रा होता.

हा पवित्रा समाजाला मानवण्यासारखा नव्हता. ग्रंथावर टीकेची झोड उठली. परक्यांनी टीका करावी यात आश्चर्य नाही. पण ज्यांच्याकडून पाठिंब्याची अपेक्षा, त्या सत्यशोधक मंडळींतील काही पुढाऱ्यांनीही नाके मुरडली. बाईमाणसाने इतके तिखट लिहावे हे त्यांना रुचले नाही. अशा वेळी एकटे जोतीराव पाठीशी उभे राहिले. १८८५ साली निघालेल्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा लेकीसारखा मायेने उल्लेख केला, त्यांच्या ग्रंथाची बाजू घेतली आणि नाक मुरडणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांची कानउघाडणी केली. स्त्री-पुरुष समतेच्या प्रश्नावर आपल्या माणसांनाही दोन शब्द सुनावण्याचा हा मोठेपणा जोतीरावांचाच.

त्यानंतर ताराबाईंनी दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. ज्या लेखणीने एवढा दाह ओकला ती एकाएकी थांबली. पुढील वर्षे बुलढाण्यातच गेली आणि १९१० च्या सुमारास त्यांचा अंत झाला. त्यांची शोकसभा झाली नाही, पुतळा उभारला नाही, आणि नऊ आण्यांचे ते पुस्तक लोकांच्या स्मरणातून गेले. ते पुन्हा उजेडात आणण्याचे श्रेय साक्षेपी संशोधक प्रा. स. गं. मालशे यांना आहे. १९७५ साली त्यांनी हा ग्रंथ संपादून पुनः प्रसिद्ध केला आणि तब्बल त्र्याण्णव वर्षांनी ताराबाई महाराष्ट्राशी पुन्हा बोलू लागल्या. पुढे रोझलिंड ओ’हॅन्लन या विदुषीने केलेले संपूर्ण इंग्रजी भाषांतर १९९४ साली प्रसिद्ध झाले. आज स्त्रीविषयक विचारांच्या इतिहासात बुलढाण्याच्या या विदुषीचे नाव जगभर आदराने घेतले जाते.

मधल्या काळात काही सारे थांबले नव्हते. १९०३ नंतर वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला आणि नागपूर ही त्याचीही राजधानी झाली. याच नागपुरात १९२२ साली जाईबाई चौधरी यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलींसाठी संत चोखामेळ्यांच्या नावाने शाळा काढली. १९३२ साली येथे मुलींसाठी लेडी अमृताबाई डागा महाविद्यालय निघाले. आणि २० जुलै १९४२ रोजी याच शहरात, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत, दलित वर्गातील हजारो स्त्रियांची परिषद भरली. पत्नीस घटस्फोटाचा हक्क असावा, पुरुषाने एकाहून अधिक बायका करण्याची चाल बंद व्हावी, असे ठराव तिने केले. यांपैकी कित्येकींनी ताराबाईंचे नावही ऐकले नसेल. पण साठ वर्षांपूर्वी बुलढाण्यास एकट्या बाईने विचारलेला प्रश्न नागपुरात हजारो कंठांतून उमटला, एवढे खरे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याने द्विभार्येची चाल बंद केली. १९५६ च्या कायद्याने स्त्रीला वारसाहक्क दिला आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाच्या बरोबरीने ठरविला.

कायद्याने एवढे दिले. आपण घरात किती घेतले, हा हिशेब मात्र ज्याने त्याने आपल्या देवघरासमोर बसून करावयाचा आहे. आपल्या मुली आज डॉक्टर, इंजिनियर, प्राध्यापक झाल्या, याचा सर्वांना सार्थ अभिमान आहे. गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारसमारंभात मुलींची नावे मुलांच्या नावांच्या पुढे असतात. परंतु त्याच मुलीचे लग्न ठरताना देण्याघेण्याची बोलणी माजघराच्या दाराआड अजून होतातच. वडिलांच्या माघारी बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो आणि भावाचे माहेरपण राहावे म्हणून ती निमूटपणे सही करते. शिकलेल्या घरातही हळदीकुंकवाचे बोलावणे विधवा जाऊबाईंना वगळून जाते. स्वतःच्या पोटच्या मुलीच्या लग्नात आई अक्षता टाकण्यापुरती मागे उभी राहते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या मानहानीच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने त्याच महिन्यात इतर गावांनाही तो कित्ता गिरविण्यास सांगितले. ‘स्त्रीपुरुषतुलना’ प्रसिद्ध झाल्याला तेव्हा एकशे चाळीस वर्षे झाली होती. म्हणजे ताराबाईंचा एक प्रश्न गावाच्या चावडीवर पोहोचण्यास एवढा काळ लागला.

ताराबाई आपल्या ज्ञातीच्या, आपल्या विदर्भाच्या, असे अभिमानाने म्हणावयास आपणांस हक्क आहे. पण पूर्वजांचे नाव सांगणाऱ्याला त्यांचे ऋणही फेडावे लागते. बापूजी शिंदे यांनी लोकनिंदा सोसून एका मुलीला शिकविले आणि तिच्या लेखणीच्या आड ते आले नाहीत. मुलीला शिकविणारे पिते आज घरोघर आहेत. शिकलेली मुलगी बोलू लागल्यावर तिचे बोलणे, ते आपल्याला दुखविणारे असले तरी, पुरते ऐकून घेणारे पिते, बंधू आणि पती घरोघर व्हावेत. येत्या लग्नसराईत आपल्या एखाद्या घरी विधवा मातेने पुढे होऊन मुलीची ओटी भरली, किंवा एखाद्या भावाने हक्कसोडीचा कागद फाडून बहिणीचा हिस्सा तिच्या नावे केला, तर ताराबाईंची जयंती-पुण्यतिथी वेगळी साजरी करण्याचे कारण उरणार नाही.